सोळा बाटल्यांचं पान

कोऱ्या नमुन्याचा आकडा एकतीस आला. कोरा नमुना म्हणजे ज्यात काहीच नाही असं नुसतं पातळ आम्ल. शून्य कशाला म्हणायचं हे यंत्राला समजावं म्हणून रोज सकाळी पहिल्यांदा तेच द्यायचं असतं. तिथे शून्य यायला हवं, फार तर शून्याच्या आसपासचं काहीतरी. एकतीस हा शिशाचा आकडा होता, आणि तो पडद्यावर इतक्या शांतपणे येऊन बसला होता की बाईंना आधी वाटलं आपण भलत्याच रकान्यात बघतोय. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज काचेतून आत येत होता आणि का कोण जाणे, तो थांबेपर्यंत पुन्हा बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. आवाज थांबला. त्यांनी यंत्राची नळी धुऊन घेतली, तेच आम्ल पुन्हा दिलं. तीस पूर्णांक आठ. यंत्र पंधरा दिवसांपूर्वी बसवलेलं, नव्या यंत्राचे नखरे असतात. पण नखरे करणारं यंत्र एकदा एकतीस दाखवतं आणि एकदा नऊ. दोन्ही वेळा एकच बोलणारं यंत्र खरं बोलत असतं, असं बाई तीस वर्षं मुलांना सांगत आल्या होत्या.

"मामा, हे आम्ल कुठून दिलंत?"

मामा बाटल्या धुणारे. बाई इथे नोकरीला लागल्या त्याच्या आधीपासून ते या प्रयोगशाळेत होते आणि बाई निवृत्त होणार त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. ते हात पुसत आले. "टबाशेजारच्या बाटल्यांतलं. काल नळाला पाणी नव्हतं ना, बाटल्या धुता आल्या नाहीत. म्हटलं कोरड्या पडण्यापेक्षा आम्ल भरून ठेवू. तुम्ही पातळ आम्ल मागितलंत, मला वाटलं तेच चालेल."

"कुठल्या बाटल्या?"

"वस्तीच्या. गेल्या महिन्यातल्या." मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "चुकलं का माझं? दुसरं देतो."

"द्या," बाई म्हणाल्या. "त्या बाटल्या मात्र धुऊ नका. एकही धुऊ नका, मामा."

नव्या आम्लाचा आकडा शून्य आला. तेव्हा बाईंना एक विचित्र गोष्ट जाणवली: आपल्याला आश्चर्य वाटत नाहीये. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे जमीनच असावी, तसा एक धक्का बसला होता, पण त्यात नवल नव्हतं. जुन्या ओळखीचं कुणीतरी दार वाजवतंय असं ते होतं.

ज्या द्रवावर बाईंचं सगळं आयुष्य उभं होतं ते खरं म्हणजे मीठ होतं. मीठ म्हटलं की खडा डोळ्यांसमोर येतो. पण काही मिठांचे कण इतके बेढब असतात की ते एकमेकांशी नीट बसूच शकत नाहीत, आणि साध्या खोलीतही ते द्रवच राहतात. मधासारखा दाट, फिकट पिवळा, वास नसलेला. उघडा ठेवला तरी उडून जात नाही. बाईंनी पहिल्यांदा तो बनवला तेव्हा रात्रभर वाटीत तसाच ठेवला आणि सकाळी वजन केलं, तर तसूभरही कमी झालेलं नव्हतं. माणसाने असं असावं, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. शिसं मिसळलेल्या पाण्यात तो द्रव घालून ढवळला की शिसं पाणी सोडून त्याच्याकडे जायचं. मग दोन्ही आपापले वेगळे व्हायचे, वर पाणी, खाली द्रव. पाण्यात किती उरलं ते मोजायचं, आधीच्या आकड्यातून वजा करायचं. जे कमी झालं ते द्रवात गेलं. इतकं सरळ. त्यावर बाईंचे लेख निघाले, बाईंना बोलावणी आली, आणि शहराबाहेर, जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कारखान्यांच्या मागे जी वस्ती आहे तिच्या विहिरीवर नऊ वर्षांपूर्वी बाईंच्या पद्धतीने पाणी शुद्ध करणारं केंद्र बसलं. विहिरीच्या पाण्यात शिसं साठ. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एक, दीड, कधी कधी काहीच नाही. दर महिन्याला बाटल्या यायच्या, दर महिन्याला बाई दाखल्यावर सही करायच्या. आतापर्यंत एकशे सात दाखले.

आता बाई स्टुलावर बसून स्वतःला पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं शिकवत होत्या. पाण्यातलं शिसं साध्या काचेला चिकटतं. म्हणून बाटलीत पाणी भरलं की लगेच थेंबभर आम्ल टाकायचं, म्हणजे ते सुटं राहतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाईंच्या प्रयोगशाळेत केंद्राच्या पाण्यात ते टाकत नसत, कारण त्याच बाटलीतल्या पाण्यात द्रवाचा अंश उतरलाय का हेही बघायचं असे आणि आम्लाने ती दुसरी तपासणी बिघडायची. दोन बाटल्या घेतल्या असत्या तर भागलं असतं. पण एका बाटलीत दोन्ही होतं हाच तर बाईंच्या पद्धतीचा सुटसुटीतपणा होता, लेखात त्याचं एक वेगळं वाक्य होतं. म्हणजे वस्तीतल्या नळातून शिसं बाटलीत यायचं, वाटेत काचेला चिकटून बसायचं, आणि यंत्रासमोर यायचं ते उरलेलं निर्दोष पाणी. बाई त्या पाण्याला चांगलं म्हणायच्या. मामा बाटली घासून धुवायचे. पुढल्या महिन्यासाठी स्वच्छ.

दुपारपर्यंत बाईंनी न धुतलेल्या बाविसाच्या बावीस बाटल्यांतलं आम्ल मोजलं. एकोणतीस, तेहेतीस, सव्वीस. द्रव काहीच करत नव्हता असं नाही. अर्धं शिसं तो खरंच ओढून घेत होता. उरलेलं अर्धं लोक पीत होते. जेवायच्या सुट्टीत शेजारच्या खोलीतून हसण्याचे आवाज आले, कुणीतरी कुणाच्या तरी बदलीवरून चिडवत होतं. बाईंनी डबा उघडला आणि पुन्हा लावला. त्यांना शंकाताई आठवली.

शंकाताई हे तिचं नाव नव्हतं. ती बाईंची विद्यार्थिनी, प्रत्येक गोष्टीवर शंका काढायची म्हणून सगळ्यांनी तिला ते नाव ठेवलं होतं. बारीक अंगाची, बोलताना समोरच्याच्या हनुवटीकडे बघणारी. बाईंना तो प्रसंग चांगला आठवत होता, इतकंच नाही, तो त्या चारचौघांत सांगतही असत: एकदा चहाच्या वेळी ती म्हणाली, "बाई, शिसं काचेला चिकटत असेल का?" आणि बाई म्हणाल्या, "शंकाताई, आता काचेवरसुद्धा संशय? उद्या आमच्यावर घेशील." सगळे हसले होते. तीही हसली होती. मग काही महिन्यांनी तिने प्रबंध अर्धा टाकला आणि गेली. घरची अडचण असेल असं सगळे म्हणाले. बाईंनीही तेच म्हटलं होतं.

संध्याकाळी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक वयाने त्यांच्याहून लहान, आदबीने उठून उभे राहणारे. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, दोनदा वाचला. मग टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

"बाई, बावीस बाटल्यांवरून नऊ वर्षांवर बोलायचं म्हणजे..."

"नऊ वर्षं बाटल्या त्याच आहेत. पद्धतही तीच आहे."

"मी नाही म्हणत नाही. आपण समिती नेमू. बाहेरचे दोघे घेऊ. तीन महिन्यांत अहवाल येईल."

"तीन महिन्यांनी मी निवृत्त होते."

"हो ना," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती. "तुम्हाला त्रास नको, म्हणूनच म्हणतो."

"आणि तोपर्यंत पाणी?"

त्यांनी पेपरवेट पुन्हा पहिल्या जागी ठेवला. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाईंना वाटलं, आता आपण काहीतरी जोरात बोलू. पण त्या उठल्या आणि नेहमीप्रमाणे "येते" म्हणून बाहेर पडल्या. सवयीने तोंडून शब्द बाहेर पडतात आणि माणूस आत तसाच राहतो.

घरी नवरा खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या चुकांखाली रेघा ओढत होता. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हात थांबत नव्हता. बाईंच्या विद्यार्थ्यांचे प्रबंधही भाषेसाठी तोच वाचून द्यायचा. रसायनातलं एक अक्षर कळत नसे, पण कुठल्या पानावर काय आहे ते वर्षानुवर्षं त्याच्या डोक्यात राहायचं. बाईंनी पिशवी ठेवली, हात धुतले, धूतच राहिल्या. मग बाहेर येऊन त्याला सगळं सांगितलं.  सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, ती आमची शंकाताई आठवते? तिने एकदा विचारलं होतं. सहज, चहा पिताना. मी हसण्यावारी नेलं."

"सहज कुठे?" तो म्हणाला. "ते बाटल्यांचं पान ना? सोळा ओळींचं कोष्टक होतं."

"कसलं कोष्टक?"

"सोळा बाटल्या, समोर सोळा आकडे. छत्तिसाव्या पानानंतर. तू त्यावर लाल पेनने आडवी रेघ मारली होतीस." त्याने पेन्सिल कानामागे ठेवली. "मी तुला विचारलंसुद्धा होतं. एक पान गेलं की पुढच्या सगळ्या पानांचे आकडे बदलतात."

"मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, बदला."

बाई खुर्चीत बसल्या. तो उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला आणि त्या त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. आठवण अशी एकदम आली नाही. आधी लाल पेनचं टोपण आठवलं, त्याला चावल्याच्या खुणा होत्या. मग हात आठवला, दुखणारा, कारण त्या आठवड्यात त्या दिवसाला शंभर कागदांवर सह्या करत होत्या. वस्तीतलं केंद्र अकरा दिवसांनी सुरू व्हायचं होतं, निमंत्रणं गेली होती, मंडपवाला फोन करत होता. मग ते पान, चाचणीच्या सोळा बाटल्यांचं. स्वच्छ अक्षर, सात या आकड्याला मधे छोटी आडवी दांडी. त्या पानावरून आपली नजर घसरली असेल, दमलो होतो, वाचलंच नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पण न वाचलेल्या पानाची अशी दांडी लक्षात राहत नाही. नऊ वर्षं त्यांनी चहाचा प्रसंग जपून ठेवला होता, हसत हसत लोकांना सांगितला होता, आणि त्या हसण्याच्या मागे ते पान इतकं नीट ठेवलं होतं की त्यांनाही सापडू नये. नवरा पेला घेऊन समोर उभा होता. "घे," तो म्हणाला. त्यांनी घेतला, आणि तो हातात धरून कितीतरी वेळ त्यातल्या पाण्याकडे बघत बसल्या.

शंकाताईचा पत्ता मामांकडे मिळाला. मामा प्रयोगशाळेतले कोट तिच्या दुकानात धुवायला टाकायचे, संचालकांच्या खोलीतले पडदेसुद्धा. "चांगलं चाललंय तिचं," ते म्हणाले, "कसलाही डाग काढते." दुकान चढावरच्या रस्त्याला होतं, अरुंद आणि आत खोल गेलेलं, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले कपडे, आणि हवेत तो गोडसर, डोकं जड करणारा द्रावकाचा वास. बाईंनी नाकाने तो लगेच ओळखला आणि मनात त्याचं नाव घेतलं. शंकाताई काउंटरमागे उभी राहून एका गिऱ्हाइकाच्या शालीवरचा डाग बोटाने चाचपून बघत होती. "तेल की रंग? खरं सांगा, म्हणजे मला त्रास नाही." अंगाने भरली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. आता ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून बोलत होती.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने बाईंना ओळखलं. "बाई, या. बसायला स्टूलच आहे."

बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली आणि नुसते आकडे सांगितले. एकोणतीस, तेहेतीस, सव्वीस. शंकाताई शालीला क्रमांकाची चिठ्ठी टाचत ऐकत होती.

"काल घरी कळलं," बाई म्हणाल्या, "की तू ते लिहून दिलं होतंस. मला फक्त चहाचं आठवत होतं. मी ते पान नीट वाचलं नसेल गं. तेव्हा इतकी घाई होती..."

"वाचलं होतंत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शालीचं माप सांगावं तसं ती बोलली.

"पान परत आलं तेव्हा लाल रेघ होती, आणि खाली कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने सरासरी काढली होती. अठ्ठावीस. मग ती खोडली होती. पण पेन्सिल नीट खोडली जात नाही, दाब दिसतो." तिने चिठ्ठी टाचली. "रेघेचं मला काही वाटलं नाही, बाई. रेघा सगळेच मारतात. ती सरासरी बघितली आणि मी घरी गेले. दोन दिवस नुसती पडून होते. मग नाही आले."

बाहेरून एक मोठी गाडी गेली आणि टांगलेल्या पिशव्या एकदम सळसळल्या. बाईंच्या मनात काहीच उठलं नाही. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, निदान क्षमा मागता येईल असं. पण क्षमा मागायला मधे थोडी जागा लागते: मला ठाऊक नव्हतं, मी दमले होते, माझ्या लक्षात आलं नाही. ती सगळी जागा त्या अठ्ठाविसाने भरून टाकली होती. त्यांनी बेरीज केली होती. सोळाने भागलं होतं. आणि उत्तर आल्यावर पेन्सिल उलटी केली होती.

"मी लेख मागे घेते," त्या म्हणाल्या. "सगळे घेते. त्यात लिहिते की हे प्रथम तू शोधलंस. तुझं नाव घालते."

"नको. माझं काय काम त्यात?" शंकाताईने शाल हँगरवर चढवली. मग थांबून विचारलं, "वस्तीत सांगितलंत?"

"अजून नाही. संचालक म्हणाले समिती..."

"म्हणजे आधी माझ्याकडे आलात."

बाई स्टुलावर बसल्या.

"माझं काही अडलं नव्हतं, बाई. मला पुढच्या वर्षी सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांना रोज सकाळी पाणी येतं." दारात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, हातात सुटाचा कोट. शंकाताईने त्याच्याकडे बघून मान हलवली, मग बाईंना म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या, उघडं राहिलं की धूळ येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वस्तीत गेल्या. बसमधून उतरून कारखान्यांच्या लांबलचक भिंतीच्या कडेने चालावं लागतं. नऊ वर्षांपूर्वी त्या मोटारीतून आल्या होत्या, तेव्हा ही भिंत इतकी लांब वाटली नव्हती. भिंतीला जागोजागी काळी ओल फुटली होती. वाटेत एक मुलगी फुटक्या बॅटरीचा डबा पायाने ढकलत ढकलत शाळेला निघाली होती. केंद्र सापडायला वेळ लागला नाही, रांग होती. पत्र्याचं छप्पर, आत तीन टाक्या, मधल्या टाकीच्या काचेतून तळाशी तो फिकट पिवळा द्रव स्वस्थ पडलेला दिसत होता. दाराशी स्टुलावर केंद्र सांभाळणारी बाई बसली होती, तिला सगळे टाकीवाली म्हणत. तिच्या डोक्यावर भिंतीला गेल्या महिन्याचा दाखला लावलेला होता.

"हे पाणी पिण्यासारखं नाही," बाई तिला म्हणाल्या. "केंद्र बंद करायला हवं."

टाकीवालीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठल्या ऑफिसातल्या तुम्ही? आमच्याकडे दाखला आहे. दर महिन्याला येतो." तिने मागे न बघता अंगठ्याने भिंतीकडे खूण केली.

"त्यावरची सही माझीच आहे."

मग तिने वळून सही बघितली, बाईंकडे बघितलं, पुन्हा सही बघितली. रांगेतले दोनचार जण पुढे आले. बाईंनी सांगायला सुरुवात केली, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. की शिसं अर्धंच जात होतं, की मोजण्यात चूक झाली. इथे त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "चूक नाही. मला सांगितलं होतं एकीने. मी ऐकलं नाही." कुणी आरडाओरडा केला नाही. त्यांना वाटत होतं कुणीतरी अंगावर येईल, आणि त्यासाठी त्यांनी खांदे ताठ करून ठेवले होते. एका म्हाताऱ्याने कानामागे हात धरून शेजारच्याला विचारलं, काय म्हणतात? शेजारचा म्हणाला, पाणी वाईट आहे म्हणतात. म्हातारा म्हणाला, ते तर आधीपण होतं.

हिरव्या साडीतली एक बाई डबा खाली ठेवून म्हणाली, "माझी मोठी आठ वर्षांची आहे. शाळेत तिच्या डोक्यात काही शिरत नाही. डॉक्टर म्हणाले, लक्ष देत नाही. आम्ही तिला मारतो त्यासाठी. ते यामुळे असेल का?"

शिसं लहान मुलांच्या डोक्याचं काय करतं हे बाईंनी त्यांच्या पहिल्याच लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. लेखाची सुरुवात तशीच करायची पद्धत असते. "असू शकेल," त्या म्हणाल्या. "तिला मारू नका."

त्या बाईने मान हलवली. मग ती डबा उचलून रांगेतल्या आपल्या जागेवर परत जाऊन उभी राहिली.

"मग आता आम्ही प्यायचं काय?" टाकीवालीने विचारलं. ती खरंच विचारत होती, तिच्या हातात किल्ली होती आणि बाई सांगतील तर ती कुलूप लावायला तयार होती.

"जवळपास दुसरं पाणी नाही?"

"दुसरं असतं तर हे कशाला आणलं असतं तुम्ही?"

 संचालक, समिती, अर्ज, टँकर, असे शब्द बाईंच्या मनात एकामागून एक आले आणि गेले.  टाकीवालीने किल्ली कमरेला खोचली आणि घड्याळाकडे बघितलं.

"नऊला नळ जातो," ती म्हणाली. "जरा बाजूला होता का?"

बाई बाजूला झाल्या. रांग पुढे सरकली.